काळ्या दगडापासून सुरुवात: घरच्या घरी खनिजं कशी ओळखायची, विदारण कसं बघायचं आणि हे सगळं करताना डोळे कसे शाबूत ठेवायचे

पाऊस ओसरला की ट्रेकला गेलेलं कोणीतरी मला व्हॉट्सअॅपवर दगडाचा फोटो पाठवतंच, खाली ठरलेला प्रश्न, "हा हिरा असेल का रे?" नाही बाबा, हिरा नाही. पण काय आहे ते फोटोवरून मलाही सांगता येत नाही, कारण दगड बघून ओळखायचा नसतो, तो ओरखडून, घासून, वजन करून, थेंब टाकून ओळखायचा असतो आणि रंग सगळ्यात शेवटी बघायचा असतो. बीएस्सीला जिऑलॉजी घेतलं होतं, आता काम भलतंच करतो, पण सोसायटीतल्या पोरांना रविवारी गच्चीवर हे शिकवतो. त्यांच्यासाठी केलेलं टिपण इथे जरा विस्ताराने मांडतोय.

आधी एक घोळ मिटवू. खनिज म्हणजे ठरावीक रासायनिक घटक आणि आत अणूंची ठरावीक रचना असलेला नैसर्गिक घन पदार्थ. खडक म्हणजे बहुतेक वेळा अशा खनिजांची खिचडी. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी हे खनिज, बेसॉल्ट म्हणजे आपला काळा दगड हा खडक. म्हणून "या दगडाची कठीणता किती" हा प्रश्न बेसॉल्टला विचारून फार उपयोग नाही, त्यातल्या एकेका कणाला विचारावा लागतो.

सामान काय लागतं

दुकानातून किट मागवू नका, निम्मं सामान घरातच असतं. एक स्टीलची सुरी (धार गेलेली चालेल, उलट तीच घ्या), तांब्याच्या वायरचा तुकडा, काचेच्या जाड बाटलीचा बूड, पॉलिश नसलेली सिरॅमिक टाइल म्हणजे बाथरूमच्या टाइलची मागची पांढरी बाजू, लोहचुंबक, १०-१२ रुपयांचं भिंग नको, दहापट मोठं दाखवणारं ज्वेलरवालं भिंग घ्या, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, दोरा, पांढरं व्हिनेगर, ड्रॉपर, आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच कोणी घेत नाही.

आणि गॉगल. उन्हाचा नाही, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो, बाजूने झाकलेला. हे मी का सांगतोय ते पुढे येईलच.

नमुने म्हणाल तर पहिले ३ किराणा दुकानातून आणि भंगारातून आणा: सैंधवाचा खडा, तुरटी आणि जुन्या इस्त्रीच्या एलिमेंटमधला अभ्रकाचा पातळ तुकडा. चौथा नमुना बाहेर पडल्यावर पायाखाली सापडेल, म्हणजे आपला काळा दगड.

दगड फोडताना

हे टेस्टच्या आधी सांगतो कारण अपघात इथेच होतात. खनिज कधीही ताज्या पृष्ठभागावर तपासायचं, वरचा तपकिरी थर खोटं बोलतो, म्हणून दगड फोडावा लागतो. सुताराचा हातोडा घेऊ नका, बेसॉल्टवर मारला की त्याच्याच तोंडाची लोखंडी कपची उडू शकते. गवंड्याची छोटी घण-हातोडी परवडली. दगड जुन्या गोणपाटात किंवा जीन्सच्या कापडात गुंडाळा, जमिनीवर ठेवा, बाकी सगळे ५-६ पावलं लांब, पायात बूट, डोळ्यावर गॉगल, मग मारा.

फर्स्ट इयरला मी "एकच तर मारायचाय" म्हणून गॉगल वर कपाळावर ठेवला आणि मारला. कपची भुवईत घुसली. डोळ्याच्या वर बोटभर अंतर. सरांनी रक्त पुसलं, बँडेज लावलं आणि उरलेल्या प्रॅक्टिकलभर मला झाडू दिला, एक शब्द बोलले नाहीत. आता भुवईत तिथे केस येत नाहीत, पोरांना दाखवायला बरं पडतं.

दुसरी गोष्ट धुळीची. दगड कुटून पावडर करायची असेल तर ओला करून कुटा, कारण क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि तिथून बाहेर येत नाही, खाणीत आणि दगड घडवण्याच्या कामात वर्षानुवर्षं राहिलेल्यांना सिलिकोसिस होतो तो यानेच. पावडर फुंकून उडवायची सवय असेल तर ती मोडा, ओल्या फडक्याने पुसा. दगड चाटून बघायचा नाही, दुकानातून आणलेलं सैंधव सोडून. तंतूंसारखी, दोऱ्या सुटतील अशी दिसणारी अनोळखी वस्तू ओरखडायची नाही, ती अॅस्बेस्टॉस असू शकते. जुन्या छपराचे सिमेंटचे पत्रे फोडायचे नाहीत, त्याचंही कारण हेच.

आणि गोळा कुठे करायचं? चालू खाणीत परवानगीशिवाय पाऊल नको, तिथे सुरुंग लावतात. पावसात घाटातल्या कापलेल्या कड्याखाली नको. किल्ले, लेणी, अभयारण्य, लोणार सरोवराचा परिसर इथून एक खडासुद्धा उचलायचा नाही. सगळ्यात सोपं म्हणजे बांधकामावर पडलेली खडी, विहिरीच्या कडेला टाकलेला दगड, नदीचा गोटा. विचारून घ्या, लोक हसतात पण देतात.

टेस्टचा क्रम

वहीत रकाने आखा: चमक, कठीणता, कस, फुटतं कसं, वजन, व्हिनेगर, चुंबक, आणि सगळ्यात शेवटी रंग. नावाचा रकाना मी पोरांना आखूच देत नाही, कारण एकदा का नाव मनात बसलं की मग माणूस टेस्ट तशीच बघतो.

चमक दोनच भागात पाडा, धातूसारखी की नाही. नसेल तर काचेसारखी, मोत्यासारखी, रेशमासारखी की मातकट, एवढं पुरे.

कठीणतेसाठी फ्रीडरिश मोह्स नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञाची १८१२ ची पट्टी अजून वापरतात, शंखजिरं १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लुओराइट ४, अॅपेटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, क्वार्ट्झ ७, टोपाझ ८, कोरंडम म्हणजे माणिक-नीलम ९, हिरा १०. पण हे आकडे म्हणजे फक्त रांगेतला नंबर आहे, मोजमाप नाही, ९ आणि १० मधलं अंतर बाकीच्या अंतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे. आपल्या कामाला एवढं लक्षात ठेवा की नख साधारण २.५, तांब्याची तार ३, सुरी आणि काच ५.५ च्या आसपास. परदेशी पुस्तकात "नाण्याने ओरखडा" लिहिलेलं असतं ते तांब्याच्या नाण्याबद्दल असतं, आपली हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची, त्यामुळे ती टेस्ट आपल्याकडे गंडते, म्हणून तार. ओरखडा काढला की बोटाने पुसून बघा. पुसला गेला तर तो ओरखडा नव्हता, सुरीचंच लोखंड घासून दगडावर लागलं होतं. नव्वद टक्के पोरं इथे फसतात. मीही फसायचो.

कस म्हणजे टाइलच्या मागच्या बाजूवर खनिज घासलं की उमटणाऱ्या रेघेचा रंग, अगदी सोनाराच्या कसोटीसारखं. गोव्याकडचा किंवा रेडीचा लोहखनिजाचा तुकडा मिळाला तर बघा, वरून काळा-करडा स्टीलसारखा चमकतो आणि रेघ मात्र गेरूसारखी लाल-तपकिरी येते, हेमॅटाइट. पायराइट वरून सोनं वाटतं पण रेघ हिरवट काळी. सोन्याची रेघ सोनेरीच असते. टाइलपेक्षा कठीण खनिज असेल तर रेघ येत नाही, टाइललाच चरा पडतो, तेही वहीत लिहा.

मग ते फुटतं कसं. सैंधवाचा खडा कापडात गुंडाळून हलका ठोका आणि भिंगाखाली बघा, तुकडे कितीही बारीक झाले तरी कोपरे काटकोनी. अभ्रक एकाच दिशेत पापुद्र्यासारखं सुटतं. ठरावीक सपाट पातळीत फुटण्याला पाटन म्हणतात. तुरटी किंवा क्वार्ट्झ तसं फुटत नाही, बाटलीच्या फुटक्या काचेसारखे शिंपल्याच्या आकाराचे वळणदार खळगे पडतात.

वजन म्हणजे नुसतं ग्रॅम नाही, विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा दगड किती पट जड. ही टेस्ट मला सगळ्यात आवडते कारण काट्यावर पोरांचा विश्वास बसत नाही. दगड आधी कोरडा तोला, समजा १७४ ग्रॅम. आता पाण्याने अर्धा भरलेला ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्य करा, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा हातात धरा. काटा काहीतरी आकडा दाखवेल, समजा ६०. म्हणजे दगडाने ६० घनसेंटीमीटर पाणी बाजूला सारलं. १७४ भागिले ६०, आलं २.९. ताज्या घट्ट बेसॉल्टचं उत्तर साधारण २.८ ते ३ येतं. क्वार्ट्झचं २.६५, कॅल्साइटचं २.७१. दगड तळाला टेकला तर उत्तर चुकतं, आणि सच्छिद्र दगड पाणी पितो त्यामुळे त्याचा आकडा हळूहळू सरकत राहतो, तिथे घाईने वाचा.

काळ्या दगडातला पांढरा खडा

आता खरी मजा. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्यावर बसलाय तो दख्खन ट्रॅप, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून थरावर थर वाहून आलेला लाव्हा, आज उरलेला पसारा साधारण ५ लाख चौरस किलोमीटर. (सगळा महाराष्ट्र नाही हां, भंडारा-गोंदियाकडे आणि सिंधुदुर्गात याच्याहून कितीतरी जुने खडक उघडे आहेत.) लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, पुढे त्यातून गरम पाणी झिरपलं आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. विहिरीतून निघालेल्या ठिपक्याठिपक्यांच्या दगडात ते पांढरे खडे दिसतात.

तो पांढरा खडा तीनपैकी एक असण्याची शक्यता दांडगी: क्वार्ट्झ कुळातलं काहीतरी, कॅल्साइट किंवा झिओलाइट (आत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचं एक कुळ). रंग तिघांचा सारखाच, त्यामुळे रंगाचा उपयोग शून्य.

आधी काचेवर ओरखडा काढा. काच कापली गेली तर गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ किंवा त्याचंच अतिबारीक कणांचं रूप कॅल्सेडोनी, तपास संपला. काच शाबूत राहिली आणि सुरीने खड्यावरच ओरखडा पडला तर ओरखड्यातून निघालेल्या पांढऱ्या पावडरवर व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुडे सुटले तर कॅल्साइट, आणि त्याच्या फुटलेल्या तुकड्याला तिरप्या चौकटीचा, कलंडलेल्या काडेपेटीसारखा आकार असेल. पारदर्शक तुकडा मिळाला तर तो छापील अक्षरांवर ठेवा, एकाची दोन अक्षरं दिसतात. घाई मात्र नको, लॅबमधलं पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिड लगेच फसफसतं, व्हिनेगर ४-५ टक्क्यांचं असतं, ते आळशी आहे.

बुडबुडे नाहीत, सुरीने ओरखडा पडतो, हातात हलकं वाटतं, एका बाजूने मोत्यासारखी चकाकी, मधोमध बांधलेल्या पेंढीसारखा आकार, तर बहुतेक स्टिल्बाइट. पांढऱ्या सुयांचा पंखा असेल तर स्कोलेसाइट किंवा त्याचा कोणी भाऊबंद, इथून पुढे मात्र घरच्या टेस्टने नक्की सांगता येत नाही, वहीत "झिओलाइट, सुईसारखा" एवढंच लिहा, उगाच मोठं नाव देऊ नका. झिओलाइटांच्या शेजारीच अॅपोफिलाइट सापडतं, हिरवट किंवा पाण्यासारखं, चौकोनी बुंधा आणि वर पिरॅमिड, ते दिसतं त्यांच्यासारखं पण झिओलाइट नाही. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत निघालेलं कॅव्हन्साइट तर इतकं निळं आहे की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी शाई सांडलीय. ही सगळी मंडळी एका छपराखाली बघायची असतील तर नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे.

झिओलाइट हे नाव १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश माणसाने दिलं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ उकळणारा दगड, कारण तापवल्यावर आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. हे वाचून कोणी गॅसवर ठेवून बघायला जाऊ नका. पोकळीत पाणी अडकलेला दगड तापला की फुटतो, आणि फुटतो म्हणजे फटाक्यासारखा.

अॅसिडबद्दल वेगळं सांगावं लागेल

घरी व्हिनेगर आणि लिंबू, बास. बाथरूम साफ करायचं अॅसिड वापरून "लवकर होतं" असं सांगणारे व्हिडिओ आहेत, करू नका, आणि ते ब्लीचसोबत मिसळलं गेलं तर क्लोरीन सुटतो. शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिड ड्रॉपर बाटलीत असतं, तिथे एक थेंब पुरतो, टाकल्यावर दगड पाण्याने धुवून पुढच्याला द्यायचा, नाहीतर पुढचा मुलगा तोच दगड हातात घेऊन डोळा चोळतो. पातळ करायचं काम सरांचं किंवा लॅब असिस्टंटचं, आणि तेव्हाही अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही. सांडलं तर खायचा सोडा टाका, फेस थांबला की पुसा. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं नळाखाली, घड्याळ लावून, आणि मग डॉक्टर. केस बांधलेले, खाणंपिणं बाहेर, कोणतंही द्रव कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरायचं नाही म्हणजे नाही. शेवटी हात साबणाने.

आणि हो, फळ्याच्या खडूवर व्हिनेगर टाकून "चुनखडक विरघळतो" दाखवायला जाल तर फजिती होईल, हल्लीचे बरेचसे खडू जिप्समचे असतात, काहीच होत नाही. माझी झालीय, २० पोरांसमोर. अंड्याचं कवच, समुद्रावरचा शिंपला किंवा काळ्या रानातली चुनखडी घ्या. रांगोळीवरही थेंब टाकून बघा, एखादी फसफसते एखादी ढिम्म, म्हणजे ती वेगळ्या दगडाची.

विदारण: दगड जागच्या जागी कसा कुजतो

दगड जागेवरच फुटणं-कुजणं म्हणजे विदारण, आणि पाण्या-वाऱ्याने घासून तो माल वाहून नेणं म्हणजे क्षरण. निघोजला कुकडी नदीत जे रांजणखळगे आहेत ते गोट्यांनी भोवऱ्यात गरगर फिरून घासून केलेत, ते क्षरण. तुमच्या शेताच्या बांधावरचा मुरूम म्हणजे विदारण.

पुस्तकात पहिलं उदाहरण असतं फटीत पाणी गोठून दगड फुटण्याचं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, खरंय, पण ते हिमालयातलं काम. आपल्याकडे मुख्य कारभार रासायनिक विदारणाचा, जोडीला ऊन आणि झाडांची मुळं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होतं, ते बेसॉल्टच्या फटींत शिरतं, त्यातल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांची चिकणमाती होते, लोखंड गंजून तपकिरी पडतं.

घाटातल्या रस्त्याच्या कापात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड बघितले असतील. ते नदीने गोल केलेले नाहीत. मूळ ठोकळा चौकोनी होता, कोपऱ्यावर पाणी ३ बाजूंनी हल्ला करतं, कडेवर २ बाजूंनी, सपाट तोंडावर एकाच, म्हणून कोपरे आधी जातात. घरी बघायचं असेल तर टोकदार कोपऱ्यांचा खडीसाखरेचा मोठा खडा दोऱ्याने कोमट पाण्यात लटकवा, ढवळू नका, दर २ मिनिटांनी बाहेर काढून मोबाइलवर फोटो काढा. चार-पाच फोटोंत कोपरे गोल. दुसऱ्या ग्लासात तेवढ्याच वजनाची कुटलेली खडीसाखर टाका, ती आधी संपते, कारण पाण्याला शिवायला जास्त अंग मिळतं. फुटलेला दगड लवकर का कुजतो ते पोरांना इथे न सांगता कळतं.

त्याच बेसॉल्टचं पुढे काय होतं हे पाऊस ठरवतो. देशावर पाऊस कमी, चुना पूर्ण वाहून जात नाही, काळ्या मातीत खाली साचून चुनखडीचे गोळे होतात, त्यावर लिंबू पिळलं की फसफस. काळी माती फुगते-आकसते ते तिच्यातल्या चिकणमातीमुळे. एका वाटीत काळी माती आणि दुसरीत कोकणची लाल माती, दोन्ही ओली करून सपाट करा, ४ दिवस उन्हात ठेवा, काळीला पट्टी घालता येईल एवढ्या भेगा. कोकणात आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर पावसाने सिलिका आणि चुना धुऊन नेला, मागे लोखंड आणि अॅल्युमिनियम उरलं, तो जांभा. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, सहज तासता येतो, हवा लागली की कडक होतो, घरं त्याचीच.

आता एकाच ठिकाणचे ३ नमुने घ्या, घट्ट काळा दगड, त्याचा बाहेरचा सुटणारा पापुद्रा आणि शेजारचा मुरूम, आणि तिघांचं विशिष्ट गुरुत्व काढा. मुरूम पाण्यात विरघळल्यासारखा होतो म्हणून आधी घट्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून हवा काढा. आकडे उतरत जाताना दिसतील. चुंबक फिरवायचं असेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून नदीच्या वाळूत फिरवा, काळे कण चिकटतील, ते बेसॉल्टमधून सुटलेलं मॅग्नेटाइट. पिशवी विसरलात तर ते कण चुंबकावरून काढता काढता संध्याकाळ होते.

ठेवायचं कसं

दगडावर एका कोपऱ्यात पांढऱ्या व्हाइटनरचा ठिपका, त्यावर काळ्या पेनने नंबर, आणि वहीत त्याच नंबरपुढे गाव, नेमकी जागा, तारीख, टेस्टचे निकाल. नंबर चिठ्ठीवर लिहून डबीत टाकू नका, पोरं डब्या बदलतात. झिओलाइट फक्त पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, अॅसिडने अजिबात नाही. लॉमोन्टाइट नावाचं एक झिओलाइट तर कोरड्या हवेत आपलं पाणी सोडून देतं आणि काही महिन्यांत आपोआप भुगा होतं. माझ्याकडे १४ नंबरच्या डबीत आता नुसती पांढरी पावडर आहे, व्हाइटनरच्या ठिपक्यासकट.